सोपानतात्यांची चतुःसीमा

सोपानतात्यांच्या पोटात दुखायला लागलं म्हणून मी त्यांना चाकणला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरानं त्यांना टेबलावर आडवं केलं आणि विचारलं, "कुठं दुखतंय बाबा?"

तात्यांनी आधी खिडकीकडे मान वळवली, ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि मला विचारलं, "चंद्राक्का, माझं डोकं दक्षिणेला हाय ना?"

मी म्हटलं, "आहे. आता बोला लवकर."

"मग लिहून घ्या साहेब," तात्यांनी डोळे मिटले. "दुखण्याच्या पूर्वेस बेंबी, पश्चिमेस कूस, दक्षिणेस बरगडी, उत्तरेस कमरेचं हाड. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मधला तुकडा दुखतोय."

डॉक्टर तरुण होता. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "डोक्याला काही झालेलं नाही. ते कोतवाल होते."

निघाला शेवटी गॅस. पण आम्ही निघताना डॉक्टर म्हणाला, दुखण्याची जागा इतकी नेमकी मला आजवर कुणी सांगितली नव्हती. ते ऐकून तात्यांचं निम्मं पोट तिथंच बरं झालं.

शहरातल्या माणसांना कोतवाल म्हटलं की पोलीस वाटतो, म्हणून सांगते. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावचा माणूस. दवंडी द्यायची, तलाठ्याचं दप्तर वाहायचं, कोर्टाचा बेलिफ आला तर त्याला घर दाखवायचं, मोजणीवाले आले की साखळी धरायची, पंचनाम्याला पंच गोळा करायचे. तात्यांनी हे तीस-पस्तीस वर्षं केलं. जमिनीच्या खरेदीखतात चार बाजूंना कोण कोण आहे ते लिहितात, तीच चतुःसीमा. ती ऐकून ऐकून तात्यांच्या डोक्यात अशी बसली की त्यांना कुठलीही वस्तू नुसती दिसतच नाही. तिच्या चार बाजूंना काय आहे ते आधी दिसतं.

एकदा ते तापानं पडले होते म्हणून मी त्यांच्याकडे आमटी करायला गेले. विचारलं, मीठ कुठंय? आतून आवाज आला, "पूर्वेस चहाचा डबा, दक्षिणेस भिंत, पश्चिमेस हळद, उत्तरेस मोकळी जागा." मी म्हटलं, "तात्या, फडताळात तीनच डबे आहेत, मला दिसतायत." तर म्हणतात, "दिसतात म्हणून काय झालं? नोंद नको?"

माणसांनाही ते नावानं ओळखत नाहीत, गट नंबरानं ओळखतात. गावातल्या बहुतेकांच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, त्या जागी शेड उभी राहिली, पण तात्यांच्या लेखी जमीन जाते, नंबर जात नाही. लग्नात पंगतीला बसले की शेजाऱ्याला सांगतात, "ती जिलबी वाढतीय ना, ती एकशे चौदातली. सत्याऐंशीत दिली होती, नांदली न्हाई, परत एकशे चौदात आली." बायका तोंडाला पदर लावतात.

कंपन्यांचे ट्रकवाले आमच्या रस्त्यावर पत्ता विचारत फिरतात. सगळे परराज्यातले. एकदा एका सरदारजी ड्रायव्हरनं तात्यांना एका कंपनीचं नाव विचारलं. तात्यांना कंपन्यांची नावं येत नाहीत. पण कोणती कंपनी कुणाच्या रानात आहे ते पाठ. त्यांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "सीधा जाव. डावे हात को बडा आम का झाड लगेगा. वहाँ से विहीर तक जाव. विहीर के पूरब में."

ट्रक गेला. अर्ध्या तासानं परत आला. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "बाबाजी, न आम है, न कुआँ है."

"व्हय," तात्या म्हणाले, "आम कट गया. विहीर बुजा दिया. लेकिन जगह तो वही है ना?"

ड्रायव्हर त्यांच्या पाया पडला आणि दुसऱ्याला विचारायला गेला.

आता मी त्यांची शेजारीण कशी झाले ते सांगते. तात्यांचं घर पूर्वी गावाबाहेर होतं. का होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी उगाळत बसत नाही. मग आमच्या जमिनी कंपन्यांना गेल्या, जुनं घर रस्त्यात गेलं, आणि आम्ही तात्यांच्या घराला लागून उत्तरेला नवं घर बांधलं. मागं कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या. म्हणजे ते गावात आले नाहीत, गावच सरकत त्यांच्या दारात गेलं. पहिल्या दिवशी तात्यांची बायको गयाबाई चहा घेऊन आली. माझ्या सासूनं कपाला हात लावला नाही. मी प्यायले. चांगला होता, आलं जास्त होतं.

आमचं पटलं. पटलं म्हणजे रोज भांडण होईल इतकं पटलं. गयाबाई जाऊन आता दहा-बारा वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझा नवरा त्याच्याही आधी गेला. माझा मुलगा मारुंजीला फ्लॅटमध्ये राहतो, आयटीवाल्यांना डबे पुरवतो आणि दर रविवारी फोनवर सांगतो, "आई, इकडं ये." मी म्हणते, येते. दोघांनाही माहीत असतं की मी जाणार नाही.

तात्यांचं रोजचं एक काम आहे. सकाळी चहा ठेवला की ते ओट्यावर येऊन कोर्टातल्यासारखा पुकारा करतात, "चंद्राबाई हाजिऽऽर?" कोर्टात तीनदा पुकारा झाल्याशिवाय माणसाला गैरहजर धरत नाहीत. तात्याही तीनदा करतात. मी तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत गेले नाही तर "गैरहजर" म्हणतात आणि माझा चहा स्वतः पितात. नंतर गेलं तर देत नाहीत. "निकाल लागला," म्हणतात.

निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ते वडापच्या जीपनं तालुक्याला जातात. काम काही नसतं. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसतात, कुणाची केस कुठं अडली ते ऐकतात, परत येतात. शिपायाचा आवाज बसलेला असला तर पुकारा तेच करतात. सुरुवातीला त्यांना हटकायचे. आता हटकत नाहीत, कारण तात्यांचा आवाज बाहेरच्या चहाच्या गाडीपर्यंत जातो आणि पक्षकार तिथंच उभे असतात.

हे सगळं हसण्यावारी. पण हद्दीच्या बाबतीत तात्या कुणाला हसू देत नाहीत. त्यांचा सख्खा भाऊ किसन. पूर्वेची जमीन त्याची. त्याचा आणि पलीकडच्या शेतकऱ्याचा बांधावरून वाद झाला तेव्हा साक्षीला तात्यांना बोलावलं. किसनला वाटलं, घरचा साक्षीदार आहे. तात्यांनी सरळ सांगितलं, "बांध किसननं कोरलाय. चार बोटं." चार बोटांसाठी भाऊ बोलायचा बंद झाला. पुढं त्यानं ती जमीन एका गोडाऊनवाल्या शेठला विकली आणि तळेगाव दाभाडेला जाऊन राहिला. तात्या कधी त्याचं नाव काढत नाहीत. त्याच्या जमिनीचा नंबर मात्र काढतात.

आणि इथंच माझी गोष्ट येते, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आमचं घर बांधलं तेव्हा दक्षिणेची भिंत, म्हणजे जिथं माझी मोरी आहे ती, माझ्या नवऱ्यानं तात्यांच्या जागेत घेतली. चुकून नाही. निवडणुका होत्या, तात्या मतपेट्यांबरोबर तीन दिवस बाहेर होते. आमच्यांनी तेवढ्यात गवंडी लावून भिंत उभी केली. मी म्हटलं, "अहो, ही दोरी पुढं गेलीय." तर म्हणाले, "तू भाकरी बघ." मी भाकरी बघितली. गप्प बसले हे माझंही पाप.

तात्या परत आले. भिंतीसमोर उभे राहिले. आमच्या भिंतीत आणि त्यांच्या घरात वीतभर जागा उरली होती. मला वाटलं, आता हा माणूस मामलेदाराकडं जाणार. त्यांनी काय केलं, तर भिंतीच्या बुडाशी दबलेलं शेवग्याचं रोप उपटलं आणि पश्चिमेला रस्त्याकडं लावलं. बस. त्यानंतर वीस वर्षांत त्या भिंतीचा शब्द नाही. मग मलाच वाटायला लागलं, यांना कळलंच नसावं. सगळ्या तालुक्याची हद्द सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातली दिसली नसेल. मला सोयीचं होतं, मी तसंच धरून चालले.

आता गेल्या वर्षीचं. आमची जमीन गेली तरी गोडाऊनच्या मागं वीस गुंठे राहिलेत. त्यात विहीर आहे, घास आहे, थोडी मेथी-कोथिंबीर करते. म्हैस त्याच्यावर जगते आणि मीही. खोल्यांचं भाडं येतं, पण भाडं घेणं म्हणजे काम नव्हे. रानात गेलं की मला माणसात आल्यासारखं वाटतं. त्या वीस गुंठ्यांना जायला गोडाऊनच्या कडेनं जुनी बैलगाडीची वाट आहे. शेठनं उन्हाळ्यात एक दिवस तिथं लोखंडी गेट लावलं आणि वॉचमन बसवला. वॉचमन म्हणाला, "मावशी, आत जायचं नाही. साहेबांची ऑर्डर हाय."

मी म्हटलं, "तुझ्या साहेबाचा जन्म व्हायच्या आधीपासून मी या वाटेनं जाते."

"ते साहेबांना सांगा. मला बारा तासांची शिफ्ट हाय, वाद घालायला टाइम न्हाई."

दुसरी वाट नाही. घास उभा वाळायला लागला. मोटर चालू करायला जाता येईना. मुलगा म्हणाला, "आई, शेठ ती जागा घ्यायला तयार आहे, देऊन टाक." तेव्हा मला कळलं की गेट कशासाठी लावलंय.

मी चौथी शिकलेय. अर्ज लिहिता येतो. तहसीलदारांकडं अडवलेल्या वाटेची केस करता येते हे मला तात्यांनीच सांगितलं. सगळं सांगितलं, कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला शिक्का. शेवटी मी म्हटलं, "तात्या, साक्षीला तुम्हीच."

"येतो की," ते म्हणाले. "पण चंद्राक्का, मला इचारलं त्याचं मी खरं उत्तर देणार. सगळ्याचं."

त्यांनी 'सगळ्याचं' म्हटलं आणि मला मोरीची भिंत आठवली. पण दुसरा साक्षीदार आणायचा कुठून? वाट माहीत असलेली निम्मी माणसं गेली, निम्मी विकून गेली.

तारखेला आम्ही दोघं वडापनं तालुक्याला गेलो. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, टोपी नवी होती. शेठनं वकील दिला होता. माझा वकील म्हणजे मीच. तहसीलदार मॅडम वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण नजर शांत. त्यांनी तात्यांना नाव-पत्ता विचारला.

मी मनात म्हटलं, झालं.

"सोपान कोतवाल, निवृत्त," तात्या ताठ उभे राहिले. "घराची चतुःसीमा सांगतो. पूर्वेस पूर्वी भाऊ, सध्या गोडाऊन. दक्षिणेस पूर्वी बबन, सध्या टायरचं शेड. पश्चिमेस पूर्वी चिंच, सध्या डांबरी रस्ता. उत्तरेस चंद्राबाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सध्या हजर."

मागं बसलेले सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. तात्यांना ते फार आवडलं.

मग त्यांनी वाट सांगितली. कुठून निघते, कुठं वळते, तिच्या उत्तर अंगाला हद्दीचा दगड कुठं होता. शेठचा वकील उठला. चुणचुणीत माणूस. म्हणाला, "बाबा, दगड होता म्हणता. आता तिथं दगड आहे का?"

"न्हाई. जेसीबीनं नेला."

"म्हणजे पुरावा नाही."

"दगड न्हाई म्हणालो. पुरावा न्हाई असं मी म्हणालो न्हाई."

वकिलानं कागद बदलला, खालून आमच्या घरांचा नकाशा निघाला. मग गोड आवाजात म्हणाला, "बरं. तुमच्या घराच्या उत्तरेला या चंद्राबाईंची भिंत आहे. ती कुणाच्या जागेत आहे?"

मी खाली बघितलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, ते तेव्हा दिसलं.

"माझ्या," तात्या म्हणाले.

"किती?"

"दीड हात. रस्त्याकडच्या टोकाला सव्वा. भिंत वाकडी हाय, गवंडी प्यालेला होता."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"बांधली त्या आठवड्यापासून. इलेक्शनहून आलो, बघितली."

वीस वर्षं. वीस वर्षं मी त्या मोरीत धुणं धुतलं, आणि हा माणूस रोज सकाळी मला चहाला पुकारत होता.

वकील मॅडमकडं वळला. "बघा मॅडम. चार बोटांसाठी सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देणारा हा माणूस. आणि या बाईंनी दीड हात घेतला तर वीस वर्षं गप्प. म्हणजे साटंलोटं आहे. बाबा, तक्रार का केली नाहीत?"

तात्यांनी टोपी काढली, परत घातली.

"उत्तर द्या."

"मॅडम," तात्या म्हणाले, "अर्ज वाटेचा हाय. भिंतीचा न्हाई. भिंतीचा अर्ज द्यायचा तर मी द्यायचा. मी दिलेला न्हाई."

मॅडम वकिलाला म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते. आणि मला एक सांगा, ज्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला आले त्यांचीच चूक हा माणूस शपथेवर सांगतोय. मग वाटेबद्दल खोटं कशाला सांगेल?" मग म्हणाल्या, "मी जागेवर येऊन बघते."

येताना जीपमध्ये कुरुळीच्या फाट्याला तात्या म्हणाले, "घास वाळला असंल." मी म्हटलं, "वाळला." इतकंच.

मॅडम आठवड्यानं आल्या. शेठ होता, वकील होता, वॉचमन होता, तलाठी होते. शेठ म्हणाला, "बघा मॅडम, काय आहे इथं? मुरूम आहे. ना दगड, ना वाट."

तात्यांनी चपला काढल्या. माझ्या विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले, सूर्य बघितला आणि पावलं टाकायला लागले. मोठ्यानं मोजत. मध्ये शेठचा फोन वाजला तर थांबले, आणि फोन संपल्यावर परत विहिरीपासून सुरू केलं. शेठ वैतागला. तात्या म्हणाले, "मोजणीत फोन घ्यायचा नस्तो."

एका जागी थांबले. टाच रुतवली. म्हणाले, "इथं खणा. कमरेएवढं."

तलाठ्यांनी वॉचमनला पहार दिली. मुरूम निघाला, मग काळी माती निघाली. मग वॉचमन म्हणाला, "ओ, हितं कोळसा हाय."

मूठमूठ कोळसे. त्यात फुटक्या मडक्याच्या खापऱ्या.

मॅडम खाली वाकल्या. तात्यांनी समजावून सांगितलं, "जुन्या मोजणीत दगडाखाली कोळसा न् खापऱ्या पुरायच्या. दगड कुणीबी हलवतं मॅडम. खालचा कोळसा कुणाला माहीत नस्तो. कोळसा कुजत न्हाई, त्याला वाळवी लागत न्हाई. हा माझ्या हातानं पुरलाय, नोकरीच्या पहिल्या वर्षी. खापऱ्या आमच्या आईच्या फुटक्या माठाच्या हायत. तिनं शिव्या दिल्या होत्या."

शेठच्या वकिलानं कोळसा हातात घेऊन पाहिला. मग रुमाल काढून हात पुसले.

निकाल माझ्या बाजूनं लागला. गेट उघडलं. वॉचमननंच उघडलं आणि म्हणाला, "मावशी, मला त्या दिवशी शिफ्ट होती, राग धरू नका." मी त्याला मेथीची जुडी दिली. घास निम्मा गेला होता, निम्मा वाचला.

पण भिंत माझ्या डोक्यातून जाईना. मला उपकार आवडत नाहीत. कुणाचं घेतलं की झोप लागत नाही, आणि हे तर मी वीस वर्षं घेऊन बसले होते. मी एक गवंडी ठरवला. बिन प्यायलेला बघून ठरवला. त्याला म्हटलं, मोरीची भिंत पाड आणि दीड हात आत घे.

तो सकाळी आला. त्यानं पहिला घाव घातला असेल नसेल, तात्या धावत आले. धोतराचा सोगा हातात. मी त्यांना धावताना कधीच पाहिलं नव्हतं.

"थांबव! कुणी सांगितलं तुला?"

"मी सांगितलं," मी म्हटलं. "तुमची जागा आहे. शपथेवर सांगितलीत ना? घ्या परत."

"मी मागितली का?"

"नाही मागितली. का नाही मागितली ते तरी सांगा. तिथं तहसीलदारांना नाही सांगितलंत, मला सांगा. किसनला चार बोटं सोडली नाहीत. मला दीड हात सोडला. मी काय तुमच्या नात्यातली आहे?"

तात्या ओट्यावर बसले. गवंडी घमेल्यावर बसला आणि विडी काढायला लागला. मी त्याला म्हटलं, जा, चहा पिऊन ये.

"किसननं चोरली," तात्या म्हणाले, "तीबी दुसऱ्याची. ही माझी होती. माझी मी कुणालाबी देईन."

"चोरली तर आम्हीही."

"व्हय. पयल्या दिवशी मी अर्ज लिहिला होता. लिहून खिशात ठेवला होता." त्यांनी खिशावर हात ठेवला. "तुमी राहायला आलात न् थोड्याच दिवसांत गयाला अंथरूण धरावं लागलं. पाठीचं दुखणं, तुमाला ठावं हाय. तिची खाट त्या भिंतीला होती. तुमी मोरीत भांडी घासायच्या न् भाडेकरूंना शिव्या द्यायच्या. ती आत हसायची. मी म्हणायचो, अगं पाठ दुखंल. तर म्हणायची, थांबा, आता ती सात नंबरच्या खोलीवाल्याला धरंल. दिवसभर ती खोलीत एकटी, मी गावकीच्या कामाला. तिला तुमचाच आवाज."

मला आठवत होतं, सात नंबरच्या खोलीत तेव्हा मराठवाड्यातला एक जण होता, तो नळ उघडा ठेवून जायचा. त्याला मी काय काय बोलले होते, ते सगळं वीतभर जागा ओलांडून पलीकडं जात होतं.

"मी तिला अर्ज दाखवला," तात्या म्हणाले. "तिनं तो गादीखाली घातला. म्हणाली, भिंत लांब गेली तर ऐकू यायचं न्हाई."

"आणि ती गेल्यावर?" मी विचारलं. "तेव्हा तरी द्यायचा होता अर्ज."

तात्यांनी ओट्यावरच बोटानं एक चौकोन काढला, धुळीत. खाटेएवढा नाही, वीतभराचा. सवयीनं एकेका बाजूला बोट ठेवत गेले.

"ती खाट आता मी वापरतो," ते म्हणाले. "पूर्वेस खिडकी. पश्चिमेस दार. दक्षिणेस कोनाडा, तिचा फोटू." चौथ्या बाजूला बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून दिलं. "उत्तरेस तुमचा आवाज."

मग उठले, हात झटकले आणि म्हणाले, "भिंत हाय तिथं राहू द्या. वाकडी हाय, तेवढी सरळ करायची तर करा."

गवंडी चहा पिऊन आला. मी त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी दिली आणि परत पाठवला. भिंत सरळसुद्धा केली नाही.

मला रडायबिडायची सवय नाही. मी मोरीत गेले आणि कालची भांडी घासायला घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिथं अवघडल्यासारखं झालं, कुणी ऐकतंय म्हटल्यावर तोंडातून शब्द फुटेना. पलीकडं अगदी शांत होतं. खाट एकदा करकरली. मग मीच पाच नंबरच्या खोलीवाल्याला हाक मारली. त्याचा काही अपराध नव्हता. बिचारा रात्रपाळी करून नुकता आला होता. मी त्याला दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून असं काही धरलं की तो ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत राहिला.

"आज्जी," तो म्हणाला, "ते कपडे माझे न्हाईत."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तू ऐकून घे."

आणि आणखी मोठ्यानं बोलायला लागले.